चार नंबरची केबल

भोसरी
३० ऑगस्ट २०२५

श्रद्धा,

तुझे फोन येतात ते मला कळतं. आई आतल्या खोलीत जाते, दार लोटून बोलते आणि बाहेर येऊन "बहिणीचा होता" म्हणते. तिला खोटं बोलायला अजून जमलेलं नाही. मी मात्र फोन घेणार नाही. फोनवर मी आवाज चढवीन, तू गप्प होशील आणि विषय तिथेच राहील. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून कागद.

मला सस्पेंड करून आज आठ दिवस झाले. चार्जशीट मिळाली आहे. तिला तुमच्या रिपोर्टचं पहिलं पान जोडलंय. त्यावर लिहिलंय, ‘ऑपरेटर रंगराव यांच्या पेनड्राइव्हमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले. कारखान्यातील संगणक बंद पडण्याचे संभाव्य कारण : कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.’ खाली दोन सह्या. एक तुझ्या साहेबांची, दुसरी तुझी. तेच पान कंपनीच्या नोटीस बोर्डावरही लावलंय. पंचिंगला येणारा प्रत्येक माणूस ते वाचून आत जातो.

तू सोमवारी आलीस. शनिवारी, सोळा तारखेला सकाळी काय झालं ते तू पाहिलेलं नाहीस. गुरुवारची सुट्टी आणि पंधरा ऑगस्ट लागून आले होते, दोन दिवस शेड बंद होती. पहिल्या शिफ्टला आम्ही मशीन चालू केल्या. बारापैकी अकरा संगणकांवर एकच इंग्रजी मजकूर होता. तुमच्या फायलींना कुलूप लावलं आहे, पैसे द्या, मग किल्ली देतो. मशीन चालवायचे चौदा वर्षांत बनवलेले सगळे प्रोग्राम त्यात अडकले. मालक यशवंतराव स्टुलावर बसून राहिले. चाकणच्या गाडी कंपनीला जाणारे चाकांचे हब दोन दिवस पुरतील एवढेच होते, पुढे तिथली लाइन थांबली असती.

फक्त माझी चार नंबर मशीन चालू झाली. आम्ही तिला श्वास घेऊ दिला नाही. सोमवारी तू आलीस तेव्हाही ती चालूच होती, आणि तू तिच्या बाजूने दोनदा गेलीस.

आणि तुला बोलावलं कुणी? मीच. यशवंतरावांना मीच म्हणालो, "साहेब, संगणकात शिरलेलं असलं शोधून काढायचं काम आमची मुलगी श्रद्धा करते, वाकडला असते, मोठ्या कंपनीत आहे." सांगताना माझी मान ताठ होती.

माझा पेनड्राइव्ह कंपनीच्या गेटबाहेर कधीही गेलेला नाही. हे लिहून ठेव.

उद्या गौरी येतील. आई तुझी वाट बघेल. मी बघणार नाही.

अण्णा


भोसरी
९ सप्टेंबर

श्रद्धा,

मी क्लास लावला आहे. हसायचं असेल तर हस. लांडेवाडीत विजयश्रीबाईंचा टायपिंगचा क्लास होता, तिथे आता संगणक शिकवतात. माझ्या एका बाजूला बारावीची मुलगी बसते, दुसऱ्या बाजूला बँकेच्या परीक्षेला बसणारी. बाईंना मी पहिल्याच दिवशी चार्जशीट दाखवली आणि म्हणालो, "मला नोकरीसाठी शिकायचं नाही, माझ्यावरचा आळ समजून घ्यायचाय." त्यांनी ती पूर्ण वाचली आणि रोज अर्धा तास वेगळा द्यायचं कबूल केलं.

तू ज्याला रोज हात लावतेस ते मला छप्पनाव्या वर्षी कळलं. मी व्हायरस, व्हायरस म्हणत होतो, पण सगळ्यांना तेच नाव नाही. बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं. व्हायरस फायलीला चिकटतो. कुणीतरी ती फाइल उघडली तरच तो जागा होतो, तोवर पडून राहतो. ट्रोजन सोंग घेऊन येतं. कुरियरची पावती, थकलेलं वीजबिल, हल्ली मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून येते तसली फाइल. आपण आपल्याच हाताने त्याला आत घेतो. पेनड्राइव्हवर फिरणारा एक जुना प्रकार आहे, तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट दाखवतो. आपण शॉर्टकटवर क्लिक केलं की तो त्या संगणकात उतरतो, आणि पुढे जो पेनड्राइव्ह लागेल त्यावर चढतो.

आणि वर्म. त्याला माणसाचा हात लागत नाही. एका संगणकात शिरला की केबलने जोडलेले बाकीचे संगणक तो स्वतः शोधतो. एखाद्यात जुनी त्रुटी राहिली असेल, किंवा सगळीकडे एकच पासवर्ड असेल, तर तिथे स्वतःची नक्कल टाकतो. मग तिथून पुढे. शेड बंद असली तरी त्याचं काम चालू.

मी विचारलं, "मग फायलींना कुलूप लावून पैसे मागतं ते यातलं कोणतं?"

बाई म्हणाल्या, "रंगराव, ते काय करतं हे वेगळं आणि कसं पसरतं हे वेगळं. कुलूप लावणारं पेनड्राइव्हनेही येईल, ईमेलनेही येईल, वर्मसारखं केबलनेही धावेल. तुमच्याकडे कोणत्या वाटेने आलं, ते शोधा."

ती वाट मला क्लासमधून घरी येता येता सापडली. जूनमध्ये फोर्कलिफ्टच्या चाकाखाली चार नंबरची नेटवर्क केबल तुटली. मेंटेनन्सच्या वहीत मी तीनदा लिहिलं. नवीन केबल आली नाही. म्हणून सुपरवायझरने मला पेनड्राइव्ह दिला, की प्रोग्राम त्यातून नेत जा. कंपनीचा पेनड्राइव्ह, कंपनीचा हुकूम. शेडमध्ये तो दोन महिने एकाच मशीनला लागला, चार नंबरला. बाकीच्या अकरांना केबल होती, त्यांना पेनड्राइव्हची गरजच नव्हती.

आता सांग. कुलूप माझ्या पेनड्राइव्हमधून आलं असतं तर पहिली कोणती मशीन बंद पडायला हवी होती? आणि कोणती चालू राहिली?

हे एका टर्नरला पंधरा दिवसांत कळलं. तुला पहिल्या दिवशी कळलं नसेल, असं मी मानत नाही. माझी मुलगी एवढी कच्ची नाही. मग सही का केलीस?

अण्णा


भोसरी
१७ सप्टेंबर

श्रद्धा,

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. पेनड्राइव्ह गेटबाहेर गेला होता. एकदा, जुलैमध्ये.

आमच्या शेडमधल्या ज्योतीरामची दोन बोटं जूनमध्ये प्रेसखाली गेली, हे तुला आईने सांगितलं असेल. त्याचा अपघाताच्या भरपाईचा फॉर्म ऑफिसात पडून होता. कुणी म्हणायचं सही राहिली, कुणी म्हणायचं त्या दिवशी तो ड्युटीवर होता याचा कागद मिळत नाही. शिफ्टचा तक्ता सुपरवायझरच्या संगणकावर होता. मी तो पेनड्राइव्हवर घेतला, झेरॉक्सच्या दुकानात छापला आणि ज्योतीरामला दिला. त्या दुकानात दिवसभरात शंभर पेनड्राइव्ह लागतात. शॉर्टकटवाला तिथूनच आला असणार.

म्हणजे माझ्या पेनड्राइव्हमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं हे खरं आहे. तू खोटं लिहिलेलं नाहीस. पण त्याच्या पुढचं वाक्य, सगळे संगणक त्यामुळे बंद पडले, ते खरं नाही. दोन वेगळे किडे आहेत. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारलंय, आणि दोन्ही माझ्या.

मी हे लपवलं कारण तक्ता कुणी बाहेर दिला हे कळलं तर ज्योतीरामचं काम पुन्हा अडकेल. तुझ्यापासून लपवायचं मात्र काही कारण नव्हतं. तुझ्यापुढे मला पूर्ण निर्दोष दिसायचं होतं, एवढंच.

चूक माझी जेवढी आहे तेवढी मी घेईन. तिच्यावर एक इंचही जास्त घेणार नाही.

अण्णा


भोसरी
२८ सप्टेंबर

श्रद्धा,

तुझा निरोप आईने दिला. ‘अण्णांनी राजीनामा द्यावा, कंपनी चांगलं सर्टिफिकेट देतेय, पुढचं मी बघते.’

रणजीतही घरी येऊन हेच बोलून गेला. यशवंतरावांचा हा मुलगा दोन वर्षांपासून ऑफिस बघतो. आपल्याच पलंगावर बसून, आईच्या हातचा चहा पिऊन म्हणाला, "रंगरावकाका, बावीस वर्षं झाली तुम्हाला. इन्क्वायरीत कशाला उभं राहताय? दोन ओळी लिहून द्या, विषय संपवू."

मी म्हणालो, "बावीस वर्षं झाली म्हणूनच उभा राहणार."

तो गेल्यावर आई कप उचलता उचलता म्हणाली, "अवो, लेकीचं बी नाव हाय त्या कागदावर. तुमी खरं ठरला तर ती खोटी ठरंल. तिच्या नोकरीचं काय?"

हा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. मी तिला म्हणालो, "ती खोटी ठरू नये म्हणून मी चोर ठरू का?"

आई म्हणाली, "मला न्हाई ठाव. मला दोगं बी घरात पायजेत."

सहा ऑक्टोबरला इन्क्वायरी आहे. बाहेरचे एक वकील चौकशी अधिकारी आहेत. साक्षीदारांच्या यादीत कंपनीतर्फे तुझं नाव आहे. मला साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क आहे, मी नियम वाचलेत. युनियनच्या माणसाने बाजूला बसायची तयारी दाखवली होती. मी नको म्हणालो. माझे प्रश्न मीच विचारणार, तुलाही.

त्याआधी मला काही कळवू नकोस. काय उत्तर देणार ते आईजवळही बोलू नकोस. तुझं उत्तर आधी ठरवून घेतलं, असं मला कुणी म्हणायला नको, आणि तुलाही. पुढचं तू बघायचं नाहीस. मला सांभाळायला मी कुणाला सांगितलेलं नाही.

अण्णा


भोसरी
७ ऑक्टोबर

श्रद्धा,

काल तू समोर होतीस. तरी माझ्या बाजूने काय दिसत होतं ते लिहितो, कारण तू बहुतेक वेळ टेबलाकडे बघत होतीस.

मी आत आलो तेव्हा वकीलसाहेबांच्या उजवीकडे रणजीत होता, डावीकडे तुझे साहेब आणि तू. यशवंतराव मागे खिडकीजवळ. माझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली होती, टेबलापासून जरा लांब. मी ती उचलून टेबलाला लावली. कागद कुठे ठेवणार होतो मी?

वकिलांनी आधी मला विचारलं, आरोप मान्य आहे का. मी म्हणालो, "अर्धा. पेनड्राइव्ह मी बाहेर नेला होता. कशासाठी ते सांगतो, लिहून घ्या." ज्योतीरामने परवाच येऊन सांगितलं होतं, "माझं नाव घ्या, भाऊ. अर्धवट सांगितलं तर तुम्हीच अडकाल." म्हणून नाव घेतलं. यशवंतरावांनी रणजीतकडे पाहिलं. त्या फॉर्मचं त्यांना माहीतच नव्हतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

मग तू. पहिला प्रश्न विचारण्याआधी मी पाणी शोधलं. पाण्याचा ग्लास तुझ्याजवळ होता. तू तो माझ्याकडे सरकवलास आणि तुझ्या साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. तेवढ्याने मला बळ आलं.

"मॅडम, चार नंबर मशीनचा संगणक तुम्ही तपासला का?"

"हो."

"त्यात काय सापडलं?"

"शॉर्टकट व्हायरस. तुमच्या… ऑपरेटरच्या पेनड्राइव्हमध्ये होता तोच."

"कुलूप लावणारं?"

"नाही."

"आणि बाकीच्या अकरांत शॉर्टकटवाला होता?"

"नव्हता. तिथे फक्त कुलूप लावणारं होतं."

"चार नंबरला नेटवर्कची केबल होती का?"

"नव्हती."

"मग ते कुलूप त्या अकरांपर्यंत कोणत्या वाटेने पोचलं?"

इथे तुझे साहेब बोलले, "हा प्रश्न रिपोर्टच्या कक्षेबाहेरचा आहे."

तू त्यांच्याकडे न बघता म्हणालीस, "बाहेरचा नाही सर. अकराव्या पानावर आहे."

वकील म्हणाले, "आमच्याकडे एकच पान आहे."

"रिपोर्ट चौदा पानांचा आहे," तू म्हणालीस आणि बॅगेतून काढून टेबलावर ठेवलास.

तू वाचायला लागलीस. तेरा ऑगस्ट, संध्याकाळी सहा वाजून बावीस मिनिटं. ऑफिसच्या संगणकात बाहेरून कुणीतरी शिरलं. घरून ऑफिसचा संगणक चालवता यावा म्हणून तिथे इंटरनेटवरून प्रवेश चालू ठेवलेला होता. पासवर्ड होता कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तोच पासवर्ड शेडमधल्या सगळ्या संगणकांना. दोन दिवस सुट्टी, शेडमध्ये माणूस नाही. आत सोडलेलं ते कुलूप केबलवरून एकेक करत अकरांवर गेलं, आणि केबल नव्हती तिथे थांबलं.

"हा प्रवेश कुणी चालू केला होता?" मी विचारलं.

"रणजीतसरांच्या नावाने."

रणजीत म्हणाला, "मी घरून काम करत होतो. कंपनीचंच काम होतं." खोटं नव्हतं ते. रविवारीसुद्धा तो ऑर्डर बघतो, हे मला माहीत आहे. पण दीड महिना तो माझ्या नावाच्या नोटिशीसमोरून रोज आत येत होता.

यशवंतराव खिडकीजवळून म्हणाले, "तुला हे अकरावं पान माहीत होतं?" रणजीत समोरचे कागद जुळवायला लागला.

माझे प्रश्न संपले होते. मी बसलो. मग तुला कुणी काही विचारलेलं नसताना तू बोललीस. "पहिल्या पानावर माझी सही आहे. पहिलं पान मी लिहिलेलं नाही, पण सही मी केली. ते चुकीचं आहे हे सही करताना मला माहीत होतं. हेही लिहून घ्या."

वकिलांनी तुला विचारलं, "नक्की लिहू?" तू मान हलवलीस. त्यांनी लिहिलं, आणि तू त्याखाली सही केलीस.

बाहेर पार्किंगमध्ये तू स्कूटरपाशी उभी होतीस. मी थांबलो नाही, हे तुला लागलं असेल. थांबलो असतो तर मी रडलो असतो. त्या गेटवर, सेकंड शिफ्ट आत येत असताना, मला रडायचं नव्हतं. बावीस वर्षांत तिथे माझ्या डोळ्यात पाणी कुणी पाहिलेलं नाही, आणि कालचा दिवस त्यासाठी योग्य नव्हता.

अण्णा


भोसरी
९ नोव्हेंबर

श्रद्धा,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण हाताने लिहिलेल्या. त्यात तू एवढंच विचारलंयस, "अण्णा, तुम्ही मला मॅडम का म्हणालात?"

आधी बाकीचं सांगतो.

निकाल लागला. बाहेर पेनड्राइव्ह नेल्याबद्दल लेखी ताकीद, बाकी आरोप रद्द, सस्पेन्शन मागे. यशवंतरावांनी स्वतः बोलावलं. म्हणाले, "रंगराव, झालं गेलं. उद्या पहिल्या शिफ्टला या, गाजावाजा नको."

मी म्हणालो, "साहेब, नोटीस दोन महिने बोर्डावर होती. ती गाजावाजा करूनच लावली होती. ज्याने लावली त्याने काढावी, पहिल्या शिफ्टच्या पंचिंगच्या वेळी. आणि त्या जागी माझा कागद लावावा."

"कसला कागद?"

मी लिहूनच नेला होता. ‘मी, रंगराव, जुलै महिन्यात कंपनीचा पेनड्राइव्ह परवानगीशिवाय बाहेर नेला. त्यातून चार नंबरच्या संगणकात व्हायरस आला. ही चूक माझी आहे. १६ ऑगस्टला अकरा संगणक बंद पडले, ते यामुळे नाही.’

त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "स्वतःची चूक स्वतःच बोर्डावर लावायला निघालेला माणूस मी आजवर पाहिला नाही."

"अर्धं सांगितलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणजीतने जुनी नोटीस काढली आणि माझा कागद लावला. पिना लावताना त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं होतं की ते बघून मला फार बरं वाटेल. तितकं वाटलं नाही. तो वळून म्हणाला, "काका, चुकलं माझं." सगळ्यांसमोर म्हणाला. मी त्याच्या हातात हात दिला आणि मशीनवर गेलो. ज्योतीरामचा फॉर्म त्याच आठवड्यात ऑफिसातून पुढे गेला.

तुला तुझ्या साहेबांनी काढलं, हे आईकडून कळलं. तू मला सांगितलं नाहीस, कारण अण्णा ‘बरं झालं’ म्हणतील असं तुला वाटलं. बरं झालं, असंच मी म्हणतो. चौदा पानं लिहायला लावून एक दाखवणाऱ्या माणसाकडे तुझं काही काम नव्हतं. पण आई रोज देवापुढे बसते आहे, तेव्हा दुसरी नोकरी लवकर शोध.

आता मॅडम. त्या खोलीत मी तुला श्रद्धा म्हणालो असतो तर तू माझी मुलगी म्हणून उत्तर दिलं असतंस. मग ते खरं असूनही कुणी मानलं नसतं, कदाचित मीसुद्धा. तिथे मला मुलगी नको होती. ज्या बाईने ती चौदा पानं लिहिली होती ती हवी होती. मी तिला कधी भेटलो नव्हतो. वाकडला तू काय काम करतेस हे मी पाच वर्षं लोकांना सांगत आलो, पण तुला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, आणि तेही साक्षीदार म्हणून.

तू सही का केलीस, हे मी सप्टेंबरमध्ये विचारलं होतं. त्याचं उत्तर मला आता नको. तू भ्यालीस, एवढं मला समजतं. भ्यालेला माणूस सही करतो. मी चाळीस लोकांना तशी करताना पाहिलंय. नंतर सगळ्यांसमोर ती मागे घेणारी मी एकच पाहिली.

आणखी एक. आमच्या रस्त्यावरच्या चार-पाच शेडच्या लोकांनी मला गाठलं. कुणाच्या संगणकाचा पासवर्ड मशीनवरच चिकटवलेला आहे, कुणाच्या मुलाने लग्नपत्रिकेची फाइल उघडून मोबाइल घालवला. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये जमू म्हणतात, यशवंतरावांनी जागा द्यायचं कबूल केलंय. हे किडे कसे शिरतात, कसे पसरतात, काय करायचं, कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगावं एवढंच त्यांना हवंय. मी म्हणालो, मी सांगतो. ते म्हणाले, तुम्ही नको भाऊ, त्या चौदा पानांवाल्या मॅडम हव्यात. त्यातल्या निम्म्यांना तू माझी कोण हे माहीत नाही.

मी त्यांना म्हणालो, विचारून सांगतो. म्हणून विचारतोय.

अण्णा